आधी वही, मग मेश: डिझाइनमध्ये सिम्युलेशन वापरायला शिकताना

५० मिमी रुंद आणि १० मिमी जाड अशी लोखंडी फ्लॅट पट्टी घ्या. तिचं एक टोक भक्कम व्हाइसमध्ये धरा, २०० मिमी बाहेर राहू द्या आणि बाहेरच्या टोकाला सिमेंटची एक गोणी टांगा. पट्टी किती वाकेल? आणि गोणी काढल्यावर ती पुन्हा सरळ होईल का?

नवीन रुजू झालेल्या मुलामुलींना मी पहिल्याच दिवशी हा प्रश्न देतो. जवळजवळ सगळे लगेच लॅपटॉप उघडतात. अर्ध्या तासात स्क्रीनवर लाल-पिवळं-निळं चित्र येतं आणि ‘सर, झालं’ असं ऐकू येतं. हे उत्तर बरोबर आहे हे कशावरून, असं विचारलं की मात्र सगळे गप्प होतात. हुशारीत कोणीच कमी नसतं. बटणं कुठली दाबायची हे त्यांना शिकवलेलं असतं, पण उत्तर तपासायचं कसं हे कोणी शिकवलेलं नसतं. हा लेख त्या तपासण्याबद्दल आहे.

सिम्युलेशन म्हणजे इथे मुख्यतः फायनाइट एलिमेंट अ‍ॅनालिसिस, आपल्या बोलण्यातलं एफईए. भागाचे छोटे तुकडे (एलिमेंट) करायचे, ते नोड नावाच्या बिंदूंवर एकमेकांना जोडायचे (या जाळ्याला मेश म्हणतात), आणि लोड दिल्यावर प्रत्येक नोड किती सरकतो याची समीकरणं एकदम सोडवायची. संगणक आधी सरकणं काढतो, त्यावरून स्ट्रेन, म्हणजे मूळ लांबीच्या प्रमाणात झालेला बदल, आणि त्यावरून स्ट्रेस, म्हणजे दर क्षेत्रफळामागे आत येणारा जोर. हा क्रम लक्षात ठेवा. डिफ्लेक्शन, म्हणजे वाकणं, लवकर बरोबर येतं, स्ट्रेस उशिरा.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘ब्रॅकेटचं अ‍ॅनालिसिस करायचं आहे’ हा प्रश्न नव्हे. ‘५०० न्यूटन लोडला टोक २ मिमीपेक्षा जास्त वाकतं का?’ हा प्रश्न आहे. ‘८ मिमी जाडी चालेल की १० मिमी लागेल?’ हा त्याहूनही चांगला, कारण त्यात तुलना आहे. एकाच पद्धतीने केलेल्या दोन मॉडेलांमध्ये चुकाही बऱ्याचशा सारख्याच असतात, त्यामुळे ‘कोणतं बरं’ याचं उत्तर ‘नेमकं किती’ यापेक्षा जास्त भरवशाचं निघतं. डिझाइन करणाऱ्याला बहुतेक वेळा तेच हवं असतं.

प्रश्नावरूनच अ‍ॅनालिसिसचा प्रकार ठरतो. वाकण्याची काळजी असेल तर स्टॅटिक, थरथरण्याची असेल तर मोडल. बारीक लांब खांब दाबाखाली एकदम बाजूला फाकेल अशी भीती असेल तर बकलिंग. लोड लाखो वेळा येणार-जाणार असेल तर फटीग.

पायरी २: वहीत उत्तर काढा

ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते, म्हणून इथे थांबतो.

गोणी ५० किलोची, म्हणजे सुमारे ४९० न्यूटन. हिशेबाला ५०० धरू. पकडीपाशी बेंडिंग मोमेंट (पट्टी वाकवणारा जोर गुणिले अंतर) ५०० गुणिले २००, म्हणजे १,००,००० न्यूटन-मिमी. मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे आकारामुळे येणाऱ्या कडकपणाचा आकडा, हा रुंदी गुणिले जाडीचा घन भागिले १२. ५० गुणिले १००० भागिले १२, उत्तर ४१६७. स्ट्रेस म्हणजे मोमेंट गुणिले अर्धी जाडी भागिले हा आकडा: १२० मेगापास्कल. डिफ्लेक्शन म्हणजे लोड गुणिले लांबीचा घन, भागिले यंग्ज मोड्युलस (मटेरियलचा कडकपणा) आणि मोमेंट ऑफ इनर्शिया यांच्या गुणाकाराची तिप्पट. पोलादाचा यंग्ज मोड्युलस २,००,००० मेगापास्कल धरला तर उत्तर येतं १.६ मिमी.

आयएस २०६२ या भारतीय मानकातल्या ई२५० ग्रेडच्या या जाडीच्या पोलादाची यील्ड स्ट्रेंग्थ, म्हणजे ज्यापुढे ते कायमचं वाकतं तो स्ट्रेस, २५० मेगापास्कल आहे. म्हणजे आपण तिच्या निम्म्याच्या आत आहोत. गोणी काढली की पट्टी सरळ होईल.

आता ८ मिमी जाडी घेऊन बघा. डिफ्लेक्शन जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं, म्हणून ते ३.१ मिमीवर जातं. स्ट्रेस वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणून सुमारे १८८. ताकदीच्या दृष्टीने ८ मिमीची पट्टीही यील्डच्या आतच आहे, पण २ मिमीची अट ती मोडते. म्हणजे इथे निर्णय ताकदीवर नाही, कडकपणावर होतो. संगणक सुरू करण्याआधीच एवढं कळलं.

खरा भाग पट्टीइतका सोपा नसतो हे मान्य. पण जवळजवळ प्रत्येक भागात कुठेतरी एक पट्टी, एक नळी किंवा एक चौकट लपलेली असते. ती शोधा आणि अंदाज काढा. तुमचा अंदाज १.६ असेल आणि संगणकाने १.९ दिलं, तर फरकाचं कारण शोधता येतं. संगणकाने १६०० दिलं, तर कुठेतरी एकक चुकलंय हे क्षणात समजतं. अंदाजच नसेल तर दोन्ही आकडे सारखेच खरे वाटतात.

पायरी ३: मॉडेल हलकं करा

डिझाइन विभागाकडून आलेलं मॉडेल जसंच्या तसं मेश करू नका. कोरलेला पार्ट नंबर, आटे, अर्ध्या मिमीचे चॅम्फर, दूरच्या कोपऱ्यातली भोकं काढून टाका. जिथे स्ट्रेस बघायचा आहे तिथला फिलेट (कोपऱ्याची गोलाई) मात्र कधीही काढू नका. पातळ पत्र्याच्या जॉबला शेल एलिमेंट (नुसता पृष्ठभाग), अँगल-चॅनेलच्या लांब चौकटीला बीम एलिमेंट (नुसती रेषा) आणि जाडजूड कास्टिंगला सॉलिड (भरीव तुकडे). ३ मिमी पत्र्याचं आख्खं कॅबिनेट सॉलिडमध्ये मेश करायला जाल तर लाखो नोड होतात आणि उत्तर शेलपेक्षा वाईट येतं.

पायरी ४: मटेरियल आणि एककं

बरीच सॉफ्टवेअर एककं सांभाळून घेतात, पण सगळी नाही. कॅल्क्युलिक्ससारखा सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) फक्त आकडे ओळखतो. मिमी आणि न्यूटनमध्ये काम करायचं ठरवलं तर स्ट्रेस आपोआप मेगापास्कलमध्ये येतो, पण वस्तुमान किलोत न देता टनात द्यावं लागतं. पोलादाची घनता मग ७.८५ भागिले १०० कोटी टन प्रति घन मिमी होते आणि गुरुत्व त्वरण ९८१० मिमी प्रति सेकंद वर्ग.

इथे टनाऐवजी किलोचा आकडा गेला तर भाग हजार पट जड होतो. साध्या स्टॅटिक रनमध्ये, स्वतःचं वजन धरलेलं नसेल तर, काहीच जाणवत नाही. मोडलमध्ये मात्र फ्रिक्वेन्सी हजारच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ३२ पटींनी खाली येते. म्हणून रन करण्याआधी सॉफ्टवेअरला भागाचं वजन विचारा आणि वजनकाट्यावरच्या वजनाशी ताडून बघा. दहा सेकंदांचं काम आहे.

पायरी ५: सपोर्ट आणि लोड

माझ्या अनुभवात सिम्युलेशनच्या मोठ्या चुका मेशमध्ये कमी आणि सपोर्टमध्ये जास्त असतात. मी स्वतः केलेली एक सांगतो.

एका मशीनवर मोटार बसवायचा वेल्डेड ब्रॅकेट होता. मोटार १४४० आरपीएमची, म्हणजे सेकंदाला २४ फेरे. मी ब्रॅकेटची खालची प्लेट पूर्ण ‘फिक्स’ केली आणि मोडल रन घेतला. पहिली नैसर्गिक फ्रिक्वेन्सी, म्हणजे ठोकल्यावर भाग सेकंदाला जितक्या वेळा आपोआप थरथरतो तो आकडा, ३८ हर्ट्झ आली. २४ पासून चांगली लांब, म्हणून ड्रॉइंगवर सही केली. मशीन लागल्यानंतर काही आठवड्यांत ब्रॅकेटला वेल्डच्या कडेने क्रॅक गेला. तिथे जाऊन हातोडीने ठोकून मोजलं तेव्हा फ्रिक्वेन्सी २७ च्या आसपास भरली.

ब्रॅकेट जसा काढला तसाच बनला होता. पण तो ज्या पत्र्यावर बोल्ट केला होता तो पत्रा स्वतःच लवचीक होता. ब्रॅकेट आणि पत्रा म्हणजे एकामागे एक जोडलेल्या दोन स्प्रिंग. दोघांचा कडकपणा सारखा असेल तर एकूण कडकपणा निम्मा होतो आणि फ्रिक्वेन्सी ०.७ पट. ३८ चं २७ असं झालं. मी ‘फिक्स’ लिहिलं तेव्हा खाली न हलणारा डोंगर आहे असं संगणकाला सांगितलं होतं, आणि त्याने ते मानलं. पत्र्याला खालून एक उभी पट्टी वेल्ड करून तो प्रश्न सुटला, पण तो क्रॅक मी आजही विसरलेलो नाही.

तेव्हापासून प्रत्येक ‘फिक्स’पुढे मी एक प्रश्न लिहितो: हे खरोखर हलत नाही का? शंका असेल तर ज्यावर भाग बसतो तेही थोडं मॉडेलमध्ये घ्या. ते जमत नसेल तर दोन रन करा, एक पूर्ण कडक सपोर्टचा आणि एक ढिल्या सपोर्टचा. खरं उत्तर या दोहोंच्या मधे असेल. दोन्ही टोकांना डिझाइन टिकत असेल तर पुढे जा.

दोन भाग एकमेकांना टेकतात तिथेही हाच धोका आहे. बहुतेक सॉफ्टवेअर अशा जागी आपोआप ‘बाँडेड’ कॉन्टॅक्ट लावतात, म्हणजे फेविकॉलने चिकटवल्यासारखं. ५ मिमीच्या दोन पट्ट्या नुसत्या एकावर एक ठेवल्या तर त्यांचा वाकण्याविरुद्धचा कडकपणा एका पट्टीच्या दुप्पट असतो. चिकटवल्या तर आठपट. एका क्लिकमुळे चौपट फरक पडतो आणि स्क्रीनवर त्याची कुठलीही खूण दिसत नाही. म्हणून कॉन्टॅक्टची यादी उघडून एकेक ओळ वाचा.

लोड देताना तो एका नोडवर टोचू नका, खरा जेवढ्या जागेवर येतो तेवढ्या जागेवर पसरा. आणि कोणता लोड सगळ्यात वाईट हे ऑफिसात बसून ठरवू नका. मशीन चालवणाऱ्याला विचारा. त्या ब्रॅकेटवर कोणी पाय देऊन वर चढतं का? क्रेनने उचलताना हूक कुठे अडकवतात? माझ्या मते डिझाइनमधला अर्धा तास तरी शॉप फ्लोअरवर या चौकशीत गेलाच पाहिजे.

पायरी ६: मेश

पट्टीवर परत या. सॉलिड चार-नोडी टेट्रा एलिमेंट (चार त्रिकोणी बाजूंचे तुकडे) घ्या, आकार १० मिमी, म्हणजे जाडीत एकच थर. डिफ्लेक्शन १.६ पेक्षा खूप कमी येईल, निम्म्याहून कमीसुद्धा येऊ शकतं. या एलिमेंटच्या बाजू सरळ राहतात, त्यांना वाकता येत नाही, म्हणून ते खऱ्या पट्टीपेक्षा फार कडक वागतात. आता फक्त एलिमेंटचा प्रकार बदला आणि दहा-नोडी टेट्रा घ्या. उत्तर १.६ च्या अगदी जवळ येईल. हा प्रयोग प्रत्येकाने स्वतः करावा असं मला मनापासून वाटतं. वाचून हे पटत नाही, आकडा डोळ्यांसमोर बदलला की पटतं.

मग मेश बारीक करायचा. तीन मेश घ्या, प्रत्येक आधीच्याच्या निम्म्या आकाराचा, आणि हव्या त्या जागेचा स्ट्रेस वहीत लिहा. शेवटच्या दोन उत्तरांत ५ टक्क्यांहून कमी फरक असेल तर तिथे थांबायला हरकत नाही. आख्खा भाग बारीक करायची गरज नसते. जिथे स्ट्रेस झपाट्याने बदलतो तेवढाच करा.

मेशमधल्या निष्काळजीपणाची किंमत नॉर्वेत मोजली गेली. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगरजवळच्या गान्सफ्योर्डमध्ये स्लाइप्नर-ए या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा प्रचंड पाया चाचणीसाठी पाण्यात उतरवला जात होता. सुमारे ६५ मीटर खोलीवर पायातल्या पेशींपैकी, म्हणजे काँक्रीटच्या पोकळ कप्प्यांपैकी, एकीची भिंत फुटली, पंपांना आवरेना इतकं पाणी आत शिरलं आणि सगळी रचना तळाला गेली. माणसं वाचली. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचं. चौकशीत निघालं ते असं: पेशी जिथे एकमेकींना मिळतात त्या त्रिकोणी जागेचं फायनाइट एलिमेंट मॉडेल नीट नव्हतं, त्यामुळे शिअर स्ट्रेस सुमारे ४७ टक्के कमी निघाला होता. त्या कमी आकड्यावरून भिंतीची जाडी ठरली, आणि आतल्या सळ्यांची टोकंही पुरेशी रुजवलेली नव्हती.

अपघातानंतर जास्त काळजीपूर्वक केलेल्या हिशेबाने ६२ मीटरवर भिंत फुटेल असं दाखवलं. म्हणजे पद्धतीत ताकद होती, ती नीट वापरली गेली नव्हती.

पायरी ७: रंग बघण्याआधी चार गोष्टी

रन संपला की हात आपोआप स्ट्रेसच्या चित्राकडे जातो. तो थांबवा. आधी रिअ‍ॅक्शन फोर्स बघा. ५०० न्यूटन खाली दिलेत तर सपोर्टवर ५०० न्यूटन वर आलेच पाहिजेत. ४९० आले तर १० कुठे गेले ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुसरं, भाग कसा वाकतोय ते हलत्या चित्रात बघा. तो हातात धरून दाबला तर असाच वाकेल का? एखादं टोक हवेत सुटलंय का, दोन भाग एकमेकांच्या आत घुसतायत का? तिसरं, वाकणं किती पटींनी मोठं करून दाखवलंय ते वाचा. सॉफ्टवेअर स्वतःहून ते शंभर पट फुगवतं आणि नवखा माणूस घाबरतो. चौथं, डिफ्लेक्शनचा आकडा वहीतल्या आकड्याशी लावा.

मोडल रनमध्ये मात्र दिसणाऱ्या डिफ्लेक्शनच्या आकड्याला स्वतःचा अर्थ नसतो. तिथे फक्त फ्रिक्वेन्सी आणि आकार वाचायचा. ‘सर, ४० मिमी हलतंय’ म्हणून धावत आलेली मुलं मी बरीच बघितली आहेत.

पायरी ८: स्ट्रेस वाचणं

पट्टीच्या अगदी मुळाशी, पकडीच्या कडेला, संगणक १२० पेक्षा जास्त स्ट्रेस दाखवेल आणि मेश बारीक कराल तसा तो वाढतच जाईल. आपण तिथे न हलणारी तीक्ष्ण कड कल्पिली आहे. अशा जागी गणिताला शेवटच नसतो. तो आकडा घाबरण्यासारखा नाही आणि वापरण्यासारखाही नाही. मुळापासून २० मिमी बाहेर या. वहीप्रमाणे तिथे १८० मिमीच्या मोमेंटचा स्ट्रेस, म्हणजे १०८ मेगापास्कल हवा. तो आला तर तुमचं मॉडेल ठीक आहे.

आतला तीक्ष्ण कोपरा असेल तर तिथेही हेच होतं. फरक इतकाच की खऱ्या भागात क्रॅक नेमका तिथूनच सुरू होतो, म्हणून त्या जागेकडे दुर्लक्ष करून चालत नाही. तिथला खरा फिलेट मॉडेलमध्ये घाला आणि मग आकडा वाचा. वेल्डच्या कडेचा विषय वेगळा आहे. त्यासाठी हॉट-स्पॉट स्ट्रेसची ठरलेली पद्धत आहे, ती स्वतंत्र शिकावी लागते. तोवर वेल्डच्या टोकाचा थेट आकडा रिपोर्टमध्ये टाकू नका.

लिनियर रनमध्ये स्ट्रेस ४०० मेगापास्कल दिसला आणि पोलादाचं यील्ड २५० असलं, तर भागात खरोखर ४०० आहे असा त्याचा अर्थ नाही. संगणकाला यील्ड माहीतच नव्हतं, तो सरळ रेषेत चालत राहिला. त्या चित्रातून एवढंच कळतं की इथे यील्ड ओलांडलं जाणार. पुढे काय होतं हे हवं असेल तर नॉनलिनियर रन करावा लागतो.

मटेरियलप्रमाणे स्ट्रेसचा प्रकारही बदलतो. पोलादासारख्या ताणल्यावर लांबणाऱ्या धातूला फॉन मिझेस स्ट्रेस (सगळ्या दिशांचे स्ट्रेस मिळून काढलेला एक आकडा). कोल्हापूरच्या फाउंड्रीतून येणाऱ्या ग्रे कास्ट आयर्नच्या हाउसिंगला तो लावू नका. ते यील्ड न होता फुटतं, आणि ताणाखाली आधी फुटतं. तिथे मॅक्सिमम प्रिन्सिपल स्ट्रेस (कोणत्याही एका दिशेतला सगळ्यात मोठा ताण) बघा आणि तो ग्रेडच्या टेन्साइल स्ट्रेंग्थशी ताडा. एफजी २६० म्हणजे किमान २६० मेगापास्कल, तेही वेगळ्या ओतलेल्या टेस्ट बारमध्ये. जाड भिंतीत प्रत्यक्ष ताकद त्याहून कमी असते.

पायरी ९: वर्कशॉपमध्ये मोजा

सुरुवातीला ज्याची चाचणी करता येईल असंच काहीतरी सिम्युलेट करा. आपल्या पट्टीला खरोखर गोणी बांधा, पाय बाजूला ठेवा, गोणीखाली लाकडी ठोकळे लावून ठेवा. टोकाला ०.०१ मिमीचा डायल गेज लावा. ४९० न्यूटनला वहीत १.५७ मिमी येतं. डायलवर १.७ किंवा १.८ आलं तर वाईट वाटून घेऊ नका. दुसरा डायल व्हाइसच्या जबड्याला लावा. जबडा हललेला दिसेल, आणि सपोर्टबद्दल वर जे लिहिलं ते एका मिनिटात समजेल.

फ्रिक्वेन्सीसाठी महागडं यंत्र लागतंच असं नाही. आखेन विद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप फोनच्या आतल्या सेन्सरने कंपनं मोजतं. जड ब्रॅकेटवर फोन घट्ट बांधा, रबरी हातोडीने ठोका, वीस-तीस हर्ट्झच्या आसपासचं शिखर स्पष्ट दिसतं. हलक्या पत्र्यावर मात्र फोनचंच वजन उत्तर बिघडवतं.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. शिकण्यासाठी पैसे खर्च करायची गरज नाही. प्रीपोमॅक्स आणि फ्रीकॅड ही दोन्ही मोफत आहेत आणि दोन्ही कॅल्क्युलिक्स हा सॉल्व्हर वापरतात. अ‍ॅन्सिसची विद्यार्थ्यांसाठीची आवृत्तीही मोफत मिळते, फक्त मेशच्या आकाराला मर्यादा आहे. थिअरीसाठी एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण उपक्रमावर आयआयटीच्या प्राध्यापकांची फायनाइट एलिमेंटवरची व्याख्यानं आहेत. कोणतंही एक घ्या आणि सहा महिने बदलू नका.

पट्टी जमली की पुढचा सराव. १०० मिमी रुंद, १० मिमी जाड, ३०० मिमी लांब प्लेट, मधोमध २० मिमीचं गोल भोक, दोन्ही टोकांनी ४० किलोन्यूटन ओढ. भोकापाशी उरलेलं क्षेत्रफळ ८०० चौरस मिमी, म्हणून सरासरी स्ट्रेस ५० मेगापास्कल. या मापाला स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन फॅक्टर सुमारे २.५ असतो, म्हणजे भोकाच्या कडेला १२५ च्या आसपास यायला हवं. प्लेट दोन्ही बाजूंनी सममित आहे, तेव्हा पाव भागाचंच मॉडेल करा. तीन मेशमध्ये आकडा १२५ जवळ स्थिरावताना दिसेल. मग गोल भोकाच्या जागी तीक्ष्ण कोपऱ्यांचं २० मिमी बाजूचं चौकोनी भोक करा आणि तेच तीन मेश चालवा. कोपऱ्यातला आकडा दर वेळी वर जाईल, थांबणार नाही. आता त्या कोपऱ्यांना ३ मिमी रेडियस द्या आणि पुन्हा तीनदा चालवून बघा.